माझ्या लेकीची सासू

माझ्या लेकीच्या सासूइतकी त्रासदायक बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही, आणि त्याचं कारण एवढंच, की तिनं मला नावं ठेवायला कधी जागाच दिली नाही. लेकीला कडक सासू मिळाली तर आईला करण्यासारखं पुष्कळ असतं. शेजारणीपाशी डोळे पुसता येतात, जावयाला टोमणा मारता येतो, लेक माहेरी आली की तिच्या केसांना तेल लावता लावता 'किती गं वाळलीस' म्हणता येतं. माझ्या वाट्याला यातलं काही आलं नाही. माझी मनीषा लग्नानंतरच्या पहिल्या सणाला बारामतीला आली ती चांगली अंगानं भरून, गालांवर लाली घेऊन, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी म्हणाली, "आई, आत्यांनी तुला हुलगे दिलेत." आमच्यात सासूला आत्या म्हणतात. त्या चार दिवसांत माझ्या घरात 'आत्या' हा शब्द इतक्या वेळा निघाला, की पाचव्या दिवशी ती परत गेल्यावर हेसुद्धा जेवताना म्हणाले, "हुलग्याचं माडगं आत्या कसं करतात ते विचारायला हवं होतं." मी त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला नाही.

तशा आम्ही दोघी एकाच समाजातल्या. माझ्या आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती, त्यांच्याकडं सासऱ्यांपर्यंत. माझे वडील शिकून नोकरीला लागले, पुढं ह्यांना कालव्याच्या ऑफिसात कारकुनी मिळाली, आणि आम्ही बारामतीला आलो, आधी भाड्याच्या खोलीत, मग एका कॉलनीत दोन खोल्या आणि वर गच्ची अशा घरात. तिकडं इंदापूर तालुक्यात, वरकुट्याला, त्यांनी मेंढरं विकून विहीर पाडली, ऊस लावला, दोन जर्सी गाई घेतल्या. फरक एवढाच. पण मी बारामतीत आल्यावर पाच-सहा वर्षं खपून माझ्या तोंडातल्या 'हाय'चं 'आहे' केलं होतं, आणि मनीषाला तर जन्मापासून 'आहे'वरच वाढवलं होतं. ही बी.ए. झालेली मुलगी वरकुट्याला सहा महिने राहून आली आणि गच्चीवरून मला हाक मारून म्हणाली, "आई, हितं काय वाळत घातलंय?" बाकी कशानं नाही, पण त्या 'हितं'नं माझ्या काळजात चर्र झालं. एकवीस वर्षं मी जे शिकवलं ते त्या बाईनं न शिकवता पुसून टाकलं होतं.

विहीणबाई उंच, वाळक्या, काळ्याभोर. पायांत पुरुषी वहाणा. लहानपणी मेंढरांमागं कोसच्या कोस चालल्यामुळं त्यांना हळू चालता येत नसे. त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे आपण पळायचं आणि त्यांनी मधूनमधून थांबून मागं बघायचं. खुर्चीवर त्या बसत नसत. "पाय लोंबकळत ठिवून मान्सानं बसावं तरी किती?" असं म्हणून आमच्या नव्या सोफ्याला पाठ टेकून जमिनीवर बसत, आणि मग त्यांना मान म्हणून समोरच्या माणसालाही खाली बसावं लागे. एकदा ह्यांचे ऑफिसर घरी आले होते, तेही बसले. भर मे महिन्यात त्यांच्या खांद्यावर घोंगडी असे. लोकर उन्हाळ्यात गार असते असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ती घोंगडी अंथरून ह्यांनी दोन दुपारी पाठ टेकली तर ह्यांची आठ वर्षांची पाठदुखी खरंच थांबली. मी आठ वर्षं लेप लावत होते. रस्त्यात एस.टी. थांबवायला त्या हात करत नसत. मेंढरं वळवताना काढतात तसा तोंडानं एक आवाज काढत, आणि एस.टी. थांबत असे. स्टॉप असो वा नसो.

आणि मोजणी. कुठंही निघताना, कुठूनही परतताना, त्या तर्जनी हलवत सगळ्यांची डोकी मोजत. अंथुर्ण्याला आमच्या नात्यातल्या एका लग्नाला आम्ही दोन्ही घरची माणसं जीप करून गेलो होतो. परतताना विहीणबाईंनी मोजलं तर एक डोकं जास्त भरलं. पुन्हा मोजलं, पुन्हा जास्त. तेव्हा कळलं, की मागच्या बाकड्यावर कोपऱ्यात एक म्हातारबुवा फेटा सावरून बसले आहेत, जे ना नवऱ्याकडचे, ना नवरीकडचे, ना आमचे. "मला निमगावात सोडा," म्हातारबुवा म्हणाले. माझ्या तोंडून "अहो, पण" एवढं निघेपर्यंत विहीणबाईंनी त्यांच्या मांडीवर बुंदीची पुडी ठेवली होती. निमगाव येईपर्यंत त्यांना म्हाताऱ्याची तीन पिढ्यांची माहिती झाली होती आणि मनीषा त्या दोघांच्या मधे बसून इतकी हसत होती, की मी खिडकीतून ऊस बघत बसले. माझ्याबरोबर कुठल्या लग्नाला जाताना ती इतकी हसली होती, ते आठवायचा मी बारामतीपर्यंत प्रयत्न केला.

एक गोष्ट मात्र मी मनात धरून ठेवली होती, आणि खरं सांगायचं तर जिवापाड जपली होती. लग्नाच्या पुढच्या फेब्रुवारीत माझं पिशवीचं ऑपरेशन झालं. दहा दिवस मी दवाखान्यात होते. मनीषा आली नाही. विहीणबाई आल्या, गावठी अंडी घेऊन. खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या, नेहमीसारखं बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. "मनीशाला जरा ताप हाय," म्हणाल्या, "बरं वाटलं की लावून देती." लेक आली ती तीन आठवड्यांनी, आणि दोन दिवस राहून गेली. मी शेजारणीला सांगितलं, "बघा, पोटच्या पोरीला आईच्या ऑपरेशनलासुद्धा पाठवलं नाही." अखेर मला माझं म्हणावं असं एक गाऱ्हाणं मिळालं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. डोहाळजेवण वरकुट्याला झालं आणि एप्रिलमध्ये जावई तिला सोडून गेले. त्या उन्हाळ्याची मी किती तयारी केली होती. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली होती, डिंक, खारीक, मेथी आणून ठेवली होती, गच्चीतल्या कुरडया-सांडग्यांची कामं मुद्दाम तिच्यासाठी मागं ठेवली होती, म्हणजे मी घालीन आणि ती सावलीत बसून बोलत राहील. दोन महिने लेक माझी, एकटीची. पहिले सहा दिवस तसे गेलेही. सातव्या दिवशी सकाळी दाराशी जीप थांबली. आधी घोंगडी उतरली, मग विहीणबाई, आणि मग मागच्या दारानं, ड्रायव्हरनं शिंगं धरून, एक काळी शेळी.

"पोटुशीला शेळीचं दूध लागतं," विहीणबाई म्हणाल्या. "आनि अनोळखी मान्साला ही दूध देत न्हाय. म्हणून म्या ऱ्हाते चार दिस."

चार दिवसांचे सोळा झाले. आमच्या कॉलनीत मी अकरा वर्षं राहत होते आणि तीन घरांत माझं जाणं-येणं होतं. विहीणबाईंनी दोन दिवसांत बावीस घरं पालथी घातली. त्यांना बघायची हौस होती. कुणाकडं नवा कूलर आलाय, चला बघून येऊ. कुणाची केबल जोडतायत, चला बघून येऊ. पलीकडच्या गल्लीत एका मास्तरांच्या घरावर गिलावा चालला होता तोही त्या तासभर उभ्या राहून बघून आल्या आणि गवंड्याला दोन गोष्टी सांगून आल्या. प्रत्येक वेळी मनीषा पोट सांभाळत त्यांच्यामागं. चार वाजता माझा चहा उकळून उकळून कडू होई आणि त्या दोघी कुणाच्या तरी ओट्यावर सरबत पीत बसलेल्या असत. शेळी फाटकाला बांधलेली. कॉलनीतली सगळी पोरं सुट्टीमुळं मोकळी, ती दिवसभर तिच्याभोवती. एकदा पोरांनी तिला सोडली तर ती जिना चढून गच्चीवर गेली आणि वाळत घातलेल्या कुरडयांची एक अख्खी ओळ खाऊन आली. मी काही बोलायच्या आत विहीणबाई खाली बसून कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ईनबाई, तुमच्या हातच्या कुरडया हायत म्हनून खाल्ल्या तिनं. आमच्यातल्या हुंगतबी न्हाय." मनीषा हसली, हे हसले, पोरं हसली. मला रागवायचं होतं, पण रागवायलाही त्या बाईनं जागा ठेवली नव्हती.

मग ती सहल निघाली. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरतं आणि भिगवणच्या बाजूला काठाच्या चिखलात गुलाबी पक्षी उतरतात, ते बघायला. मास्तरांची मॅटाडोर होती, त्यात कॉलनीतली पाच-सहा बिऱ्हाडं, हे, मनीषा आणि अर्थात विहीणबाई. मी म्हणाले, आठवा महिना लागलाय, रस्ता खड्ड्यांचा आहे. "डाक्तरीणबाईला इचारून आले म्या," विहीणबाई म्हणाल्या. "म्हणली, सावकाश न्या." मी म्हणाले, गव्हाचा चीक तयार आहे, कुरडया आजच घालायला हव्यात, तुम्ही जा. मला वाटलं होतं, मनीषा म्हणेल, मग मीही थांबते. ती म्हणाली, "आई, तू पण चल ना," दोनदा म्हणाली, आणि मग मॅटाडोरमध्ये चढली. विहीणबाई दारात उभ्या राहून डोकी मोजत होत्या. माझ्यापाशी येऊन त्यांचं बोट थबकलं. मी आत निघून गेले.

त्या दिवशी मी एकटीनं गच्चीवर कुरडया घातल्या. सोऱ्या फिरवून फिरवून हाताला फोड आला. संध्याकाळी सगळे उन्हानं काळवंडून, तळलेल्या माशांचा वास घेऊन परतले. मनीषा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगत सुटली. "आई, पक्षी म्हणजे नुसता गुलाल उधळल्यासारखे. आणि तुला माहीत आहे, आत्यांचं माहेर बुडालंय त्या पाण्यात. पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो. त्यांनी बोटानं दाखवलं सगळ्यांना, इथं आमचं घर, इथं आड, इथं चिंच. नुसतं पाणीच दिसतंय, पण त्या असं सांगतात की आपल्याला चिंच दिसायला लागते. दरसाल जातात त्या बघायला."

"ताट घे, जेवून घे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनीषाचे पाय सुजले. मी तेल कोमट करून वाटीत घेतलं आणि बाहेरच्या खोलीत आले. विहीणबाईंनी तिचे पाय आधीच मांडीवर घेतले होते. त्या तळव्यांवरून सावकाश अंगठा फिरवत होत्या आणि माझी लेक डोळे मिटून, तोंड जरासं उघडं टाकून झोपली होती. लहानपणी माझ्या मांडीवर झोपायची तशी. वाटी माझ्या हातात होती. मी त्यांना खुणेनं आत बोलावलं. चुलीपाशी उभ्या राहून, आवाज न चढवता, माझ्या उत्तम शहरी भाषेत मी म्हणाले, "विहीणबाई, पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. हे तिचं माहेर आहे. तुमचं नाही."

बोलल्याबरोबर मला कळलं की मी काय बोलले. कालची चिंच आणि कालचा आड माझ्या डोळ्यांपुढं आला. पण शब्द तोंडातून गेला होता. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मान हलवली.

"व्हय," म्हणाल्या. "खरं हाय तुमचं."

चारच्या गाडीनं त्या गेल्या. ह्यांना सांगितलं, उसाची पाण्याची पाळी आलीय. मनीषाला सांगितलं, तेच. कॉलनीत बावीस घरांत सांगितलं, तेच. माझा शब्द त्यांनी असा झाकून टाकला, की त्यांच्यावर रागवायची शेवटची सोयही गेली. जाताना एवढंच म्हणाल्या, "शेळी ऱ्हाऊ द्या. पोरीला ते दूध मानवलंय, मधीच तोडू नगा."

झालं, लेक माझी एकटीची झाली. आणि इतके लांबलचक दिवस मी कधी पाहिले नाहीत. शेळी मला दूध देईना, लाथ मारी. पोरं फाटकापाशी येऊन विचारत, आजी कुठं गेल्या. हे घोंगडीशिवाय पाठ धरून बसले. मनीषा माझ्यापाशीच होती, दुपटी घडी करत होती, विचारलं तेवढं बोलत होती. चौथ्या दिवशी घडी करता करता म्हणाली, "आई, तू काही बोललीस का त्यांना?"

"मी कशाला बोलू?"

तिनं हातातलं दुपटं खाली ठेवलं. "तुझ्या ऑपरेशनला मी आले नाही, त्याचा तुला अजून राग आहे. मला माहीत आहे. मला ताप नव्हता गं आई. माझं तीन महिन्यांचं गेलं त्या आठवड्यात. तुझं तिकडं पिशवीचं ऑपरेशन, आणि मी तुला हे काय म्हणून सांगू? मी आत्यांना शपथ घातली, आईला कळता कामा नये. पंधरा दिवस मी भिंतीकडं तोंड करून पडून होते. त्यांनी मला एक शब्द समजावलं नाही. रोज संध्याकाळी नुसतं म्हणायच्या, ऊठ, शेजारच्या गाईला कालवड झालीय, चल बघून येऊ. ऊठ, कॅनॉलला पाणी सुटलंय, चल बघून येऊ. आधी मी रागानं जायची. मग नुसती जायची. मग एक दिवस त्या म्हणायच्या आधीच वहाणा घालून बसले."

माझी लेक इतकं सोसून बसली आणि मला पत्ता नव्हता, याचं दुःख झालं हे खरं. पण खोटं कशाला सांगू, त्या दुःखाच्याही आधी एक कळ आली ती हेव्याचीच. त्या भिंतीपाशी बसायची जागा माझी होती, आणि ती दुसऱ्याच बाईनं घेतली होती. इतक्या चांगल्या रीतीनं, की मी तिथं असते तर मला ते जमलं नसतं. मी समजावलं असतं. खूप समजावलं असतं.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला मनीषाजवळ बसवून मी इंदापूरची एस.टी. धरली. काटेवाडी गेली, अंथुर्णे गेलं, फाट्यावर उतरून ऊन डोक्यावर घेत वरकुट्याच्या वस्तीवर पोहोचले. ओसरीवर आमचे व्याही लोकर पिंजत बसले होते. हा माणूस दिवसातून पाच वाक्यं बोलत असे. "ती व्हय?" ते म्हणाले. "तिकडं बोर मारत्यात, बघाय गेलीया. चार दिस जेवली न्हाय नीट." तीन वाक्यं माझ्यासाठी खर्च करून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

बोअरचं मशीन धडधडत होतं, पांढऱ्या धुळीचा लोट उठला होता आणि दहा-बारा माणसांत विहीणबाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. मला बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं.

"मनीशा बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. तुम्हाला न्यायला आलेय."

त्यांनी मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पानी लागंस्तवर थांबू," म्हणाल्या.

आम्ही बांधावरच्या बाभळीखाली बसलो. मी म्हणाले, "मनीषानं मला सांगितलं. गेल्या वर्षीचं."

"तिनं आन घातली हुती," त्या म्हणाल्या. "न्हायतर दवाखान्यात तुमच्या म्होरं बसले हुते तवाच सांगितलं असतं. जिभंवर आलतं." जरा वेळ मातीत काडीनं रेघा ओढत बसल्या. "ईनबाई, एक सांगू? मला तुमचा लई राग याचा."

"माझा?"

"दोन वरसं झाली, ऐकतीया. आई आमटी अशी करती. आई पदर असा खवती. आईनं मला तापात कडंवर घिऊन शाळंत परीक्षंला न्हेलं. भाकरी थापताना आई, दिवा लावताना आई. मी मेली राबराब राबती आनि ही आपली आई आई. म्हटलं, एकदा जवळ ऱ्हाऊन बघावं तरी ही आई हाय कसली. शेळीचं आपलं निमित्त."

माझ्या घरात दोन वर्षं 'आत्या', त्यांच्या घरात दोन वर्षं 'आई', आणि आमची लेक दोन्हीकडं आम्हाला जाळत होती, बिचारीच्या मनातही नसताना.

"मग?" मी विचारलं. "काय दिसलं?"

त्यांनी बराच विचार केला. "आमटी चांगली करता," त्या म्हणाल्या.

पाणी लागलं नाही. तासभर नुसती धूळ येत राहिली, मग मालकानं मशीन थांबवायला सांगितलं आणि आम्ही उठलो. मी माफी मागितली नाही, मला ती मागता येत नाही. त्यांनीही मागितल्यासारखं काही केलं नाही. "पिशवी भरती," म्हणाल्या, आणि पुढं चालू लागल्या. पण वाटेत त्या थांबून थांबून मागं बघत नव्हत्या. एकदाच्या त्या माझ्या चालीनं चालत होत्या.

जूनच्या आरंभी, सकाळीच, मनीषाला कळा सुरू झाल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघी भिंतीला टेकून खाली बसलो. बाकडं रिकामं होतं, पण आता मलाही खाली बसायची सवय लागली होती. आत मनीषा ओरडू लागली तसे आमचे दोघींचे कान दाराला लागले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण त्या वेळी आम्ही दोघीही एकाच गोष्टीची वाट बघत होतो, की ती हाक कुणाला मारते. आई म्हणते की आत्या. तिनं हाक मारली ती नवऱ्याच्या नावानं, आणि त्याच्यापुढं एक शिवी जोडून. ती शिवी 'आहे'वर वाढलेल्या मुलीची नव्हती. विहीणबाईंनी माझ्याकडं चोरून बघितलं. "म्या न्हाय शिकवली," म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो.

अकराच्या सुमाराला नर्स दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन बाहेर आली. "कोण घेतंय?" तिनं विचारलं. विहीणबाईंचे हात मला माहीत होते. रस्त्यातलं कुणाचंही पोर दिसलं की ते आपोआप पुढं जात. एस.टी.त अनोळखी बायांची पोरं त्यांच्या मांडीवर असत. मी धडपडत उठेपर्यंत त्या उभ्या राहिल्या होत्या, नर्सच्या अगदी समोर. आणि मी बघितलं, त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले होते. बोटं पांढरी पडली होती. "आईकडं द्या तिच्या," त्या म्हणाल्या. "पहिलं बाळंतपन म्हायेरचं असतं."

टोमणा नव्हता तो. त्यांना तो मारता येत नसे. माझ्या हातांत नात आली, तिचं ते इवलंसं लाल तोंड मी बघत होते, डोळे भरून आले होते, आणि तरी माझ्या मनाच्या कोपऱ्यात काय चाललं होतं सांगू? मला वाटत होतं, त्यांच्या जागी मी असते तर माझे हात मागं गेले असते का. नसते गेले. तो हेवा माझ्या बाकीच्या सगळ्या हेव्यांहून मोठा निघाला आणि तो अजून गेलेला नाही.

आता मनीषा पुण्यात असते, ती मुलगी कॉलेजात आहे. विहीणबाईंचे गुडघे गेले. ज्या बाईमागं आम्हाला पळावं लागे, ती आता ओसरीच्या पायरीवरून उतरत नाही, आणि वस्तीवर काय नवं झालं ते दुसऱ्यांनी बघून येऊन तिला सांगावं लागतं. लेकीचा पहिला फोन अजूनही वरकुट्याला जातो. नातीचा निकाल लागला, जावयाची बदली झाली, तिला स्वतःला बरं नसलं, सगळं आधी तिकडं कळतं. मला दुपारी विहीणबाईंचा फोन येतो, "ईनबाई, कळलं का?" मला अर्थातच कळलेलं नसतं. मी खोटंच म्हणते, "हो, कळलं." त्यांना ते खोटं आहे हे ठाऊक असतं, तरी त्या काही बोलत नाहीत. मी फोन कानाला धरून रागानं गप्प बसते. तिकडून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहतो. मग माझ्यानंच राहवत नाही, मी खुर्चीवरून उठून खाली जमिनीवर बसते आणि विचारते, "अजून काय म्हणाली?"